नॉर्विचची गरिबांची यादी

1570 साली, पहिली एलिझाबेथ राणी असताना, इंग्लंडमधील नॉर्विच शहराने आपल्या गरिबांची घरोघरी जाऊन नोंद केली. दोन हजारांहून अधिक पुरुष, स्त्रिया आणि मुले त्या यादीत आहेत. नाव, वय, धंदा, शहरात येऊन किती वर्षे झाली, राहते घर कोणाच्या मालकीचे, मदत मिळते की नाही, इतके तपशील त्यात लिहिलेले आहेत. ट्यूडर या इंग्लंडच्या राजघराण्याच्या काळाविषयी मी अनेक वर्षे वाचत आलो आहे. पण एलिझाबेथचे वडील आठवा हेन्री यांच्या दरबारातील एखाद्या प्रसंगाने मला कधी इतके खिळवून ठेवले नाही, जितके या यादीने ठेवले. एखाद्या शहराला आपले गरीब असे एकेक करून मोजण्याची गरज का भासावी, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे.

त्याचे उत्तर शोधताना 1536 पर्यंत मागे जावे लागते. दोन वर्षांपूर्वीच हेन्रीने पोपची सत्ता झुगारून स्वतःला इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख ठरवले होते. 1535 मध्ये त्याचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने देशभरातील धर्मसंस्थांच्या उत्पन्नाची मोजदाद करवून घेतली, आणि पुढच्याच वर्षी वार्षिक 200 पौंडांपेक्षा कमी उत्पन्न असलेले मठ बंद करण्याचा कायदा झाला. मार्च 1540 मध्ये वॉल्थमचा मठ राजाच्या स्वाधीन झाला, तेव्हा सुमारे आठशे मठांपैकी एकही उरला नव्हता. छपरांवरचे शिसे वितळवून विकले गेले आणि जमिनी सरदार, दरबारी व धनिकांच्या हाती गेल्या. उत्तर इंग्लंडमधील लोकांनी याविरुद्ध 1536 मध्ये मोठा उठाव केला होता. त्यांचा नेता रॉबर्ट ॲस्क याला पुढच्या वर्षी यॉर्क येथे फाशी देण्यात आले.

मठांचा दानधर्म सगळीकडे सारखा नव्हता आणि सर्व गरिबांचे पोट त्यावर भरत होते असेही म्हणता येणार नाही. तरीही दारात मिळणारी भाकरी, आजाऱ्याला मिळणारी खाट आणि वाटसरूला मिळणारा रात्रीचा निवारा काही वर्षांतच नाहीसा झाला, आणि तोही नेमका अडचणीच्या काळात. लोकसंख्या वाढत होती, लोकरीच्या नफ्यासाठी जमीनदार गावाच्या सामाईक जमिनींना कुंपणे घालत होते, आणि 1544 पासून राजाने नाण्यांतील चांदी कमी केल्यामुळे महागाई आणखी भडकली. 1549 मध्ये याच कुंपणांविरुद्ध नॉर्विच ज्या परगण्यात आहे त्या नॉरफकमधील शेतकरी रॉबर्ट केटच्या नेतृत्वाखाली उठले आणि त्यांनी काही काळ नॉर्विच शहर ताब्यात घेतले. उठाव मोडल्यावर केटला नॉर्विचच्या किल्ल्यावरच फासावर लटकवण्यात आले. एकवीस वर्षांनी यादी करणाऱ्या नगरप्रमुखांपैकी अनेकांनी ते दिवस डोळ्यांनी पाहिले असले पाहिजेत.

राज्यसत्तेने आधी चाबूक उचलला. 1531 च्या कायद्याने म्हाताऱ्या व अपंग माणसांना भीक मागण्याचे परवाने दिले, तर धडधाकट भिकाऱ्याला फटके. 1547 चा कायदा वाचताना तर अंगावर काटा येतो: काम न करणाऱ्या भटक्याच्या छातीवर डाग देऊन त्याला दोन वर्षे गुलाम म्हणून देण्याची तरतूद त्यात होती. तो फारसा अमलात आला नाही आणि तीन वर्षांच्या आत रद्दही झाला. पण संसदेने तो संमत केला होता, हे विसरता येत नाही.

नॉर्विचने मात्र आधी मोजले आणि मग नियम केले. 1571 मध्ये शहराने उघड्यावर भीक मागण्यास बंदी घातली, सधन नागरिकांवरील वर्गणी वाढवली, आणि प्रत्येक वॉर्डात अशा स्त्रिया नेमल्या की ज्यांनी आपल्या घरी मुलांना व बायकांना काम शिकवावे, अगदी लहानांना अक्षरओळख करून द्यावी. ही योजना कठोरच होती, कारण न राबणाऱ्याला शिक्षा होती. पण माझ्या मते तिच्यामागे एक नवी समज दिसते: गरीब म्हणजे केवळ आळशी किंवा केवळ लाचार असे दोनच प्रकार नसून, दिवसभर राबूनही ज्याचे भागत नाही असा तिसरा माणूसही असतो, हे त्या यादीने नगरप्रमुखांना दाखवून दिले.

1572 च्या राष्ट्रीय कायद्यात दोन्ही चेहरे शेजारी शेजारी दिसतात. एका कलमाने भटक्याला फटके मारून त्याच्या कानाला तापलेल्या लोखंडाने भोक पाडायचे, आणि दुसऱ्याने गरिबांसाठी सर्वांवर सक्तीचा कर बसवायचा. पुढे 1594 पासून सलग चार वर्षे पिके बुडाली, धान्य आवाक्याबाहेर गेले, आणि 1598 व 1601 च्या कायद्यांनी व्यवस्थेला निश्चित आकार दिला. प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील वस्तीत, गरिबांचे देखरेखदार नेमायचे, त्यांनी घर किंवा जमीन वापरणाऱ्या रहिवाशांकडून कर गोळा करायचा, धडधाकटांसाठी लोकर, जवसाचे तंतू, लोखंड असा कच्चा माल आणून ठेवायचा, अनाथ मुलांना धंदा शिकण्यासाठी उमेदवारीवर पाठवायचे आणि ज्यांच्याने काही होत नाही त्यांना थेट मदत द्यायची. ही चौकट 1834 पर्यंत टिकली.

संसदेच्या कायद्यांत ही माणसे नेहमी घोळक्याने येतात: भटके, भिकारी, अपंग. नॉर्विचच्या यादीत ती घरांत राहतात. तेथे नवरा काम नसलेला असतो, बायको सूत कातत असते आणि मुलेही तिच्याबरोबर कातत असतात. सत्तरी-ऐंशी उलटलेल्या विधवांच्या नावापुढेही धंदा म्हणून कातकामच लिहिलेले आढळते, आणि त्यांच्यापैकी काहींना शहराकडून एक पेनीही मिळत नव्हता.