मोटार सिम्युलेट करताना: माझा अनुभव

भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये छोट्या कन्व्हेयरला २४ व्होल्टची डीसी मोटार होती. बटण दाबलं की १० अ‍ॅम्पिअरचा एसएमपीएस (मोटारीला डीसी देणारा पॉवर सप्लाय) ट्रिप! मोठा सप्लाय घ्यायचा की सॉफ्ट स्टार्ट (व्होल्टेज हळूहळू चढवणारं सर्किट) बसवायचा, हे ठरवायला मी एलटीस्पाइस हे सर्किट सिम्युलेटर उघडलं. सॉफ्टवेअर फुकट आहे, पण मोटार आपली आपणच मांडावी लागते.

मांडणी सोपी. वेग म्हणजे व्होल्टेज, टॉर्क म्हणजे करंट, जडत्व म्हणजे कपॅसिटर. आर्मेचरच्या (मोटारीच्या फिरत्या वाइंडिंगच्या) बाजूला रेझिस्टन्स, इंडक्टन्स आणि वेगाच्या प्रमाणात बॅक ईएमएफ, म्हणजे फिरती मोटार स्वतः तयार करते ते उलटं व्होल्टेज, देणारा सोर्स. शाफ्टच्या बाजूला आर्मेचर करंटच्या प्रमाणात टॉर्क देणारा दुसरा. एसआय एककांत दोन्हींचा स्थिरांक एकच.

वेळ खाल्ला तो आकड्यांनी. नेमप्लेटवर व्होल्ट आणि आरपीएम सोडून काही नाही. शाफ्ट हाताने जरा जरा फिरवत रेझिस्टन्स मोजला. ब्रशमुळे तो दर वेळी बदलतो, म्हणून सर्वांत कमी धरला, १.२ ओहम. मग शाफ्ट ड्रिल मशीनच्या चकात पकडून १००० आरपीएमने फिरवला. टर्मिनलवर ५ व्होल्ट, म्हणजे वेग रेडियन प्रति सेकंदात धरला तर स्थिरांक ०.०४८.

जडत्वासाठी रिकामा पट्टा चालू ठेवून सप्लाय तोडला. तोडण्याआधी करंट होता ०.८ अ‍ॅम्पिअर. ऑसिलोस्कोपवर मोटारीचे २३ व्होल्ट दोन सेकंदांत शून्यावर आले, तेही सरळ रेषेत. म्हणजे घर्षण वेगावर अवलंबून नाही, तिथे रेझिस्टर चालणार नाही. नुसता करंट सोर्स लावला तर सप्लाय येण्याआधीच मोटार उलटी पळते! वेगाचं टॅनएच (शून्य वेगाला शून्य, मग लवकरच स्थिर होणारं फंक्शन) घेणारा बिहेवियरल सोर्स, म्हणजे सूत्र लिहून देता येतो असा सोर्स, लावावा लागतो. जडत्वाचा कपॅसिटर निघाला १६० मायक्रोफॅरड. (मोठं फ्लायव्हील असेल तर ‘१ एफ’ लिहू नका, स्पाइस त्याला फॅरड नाही, फेम्टो (१०चा उणे १५वा घात) समजतं. नुसता १ लिहा.)

रन केल्यावर सुरुवातीचा करंट १९ अ‍ॅम्पिअरच्या आसपास. एसएमपीएस बिचारा काय करणार? व्होल्टेज अर्ध्या सेकंदात चढवलं तर तोच साडेचारच्या आत. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून, मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि तो चालवणारा गेट ड्रायव्हर आणून तसं बसवलं, आणि पट्टा गपगुमान चालू झाला.

फोरमन म्हणाले, “सर, पट्टा अडकला तर?” मॉडेलमध्ये शाफ्टचा नोड ग्राउंड करून, म्हणजे वेग शून्यावर बांधून, पाहिलं. करंट थेट २० अ‍ॅम्पिअर, तिथे सॉफ्ट स्टार्टचा काहीच उपयोग नाही. म्हणून करंट लिमिट वेगळी टाकली, ८ अ‍ॅम्पिअरला.