भावंडांचं मनोगत

आमच्या थॅलेसेमिया पालक मंडळाचा वार्षिक मेळावा 8 मेला, म्हणजे जागतिक थॅलेसेमिया दिनी असतो. थॅलेसेमिया म्हणजे शरीरात पुरेसं निरोगी रक्त न बनण्याचा आनुवंशिक आजार. दीपप्रज्वलन, स्वागत, अहवालवाचन रीतसर उरकतं. सकाळी रक्तदान शिबिर. मे महिन्यात कॉलेजं बंद, माणसं गावाला गेलेली, त्यामुळे रक्ताची टंचाई. आमच्या मुलांना मात्र दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त लागतंच. म्हणून शिबिराला रांग लागली की जीव सुखावतो. पण पाहुणे आणि निम्मे नातेवाईक जेवून निघून जातात, याचं मला दरवर्षी वाईट वाटतं. भावंडांचं मनोगत, म्हणजे आजारी मुलांच्या भावाबहिणींचं बोलणं, असतं त्यानंतर, आणि मी त्याचसाठी येते.

माझा धाकटा भाऊ बंटी 22व्या वर्षी गेला. सततच्या रक्तामुळे शरीरात साठणारं लोह काढायला रात्रभर पोटाला सुई आणि उशाशी डेस्फेरालचा पंप. कूस बदलायची झाली की हाक यायची, "ताई, नळी!" मी झोपेतच नळी सोडवून द्यायची. पुढे गोळ्या आल्या, पण तोवर लोहाने त्याचं हृदय धरलं होतं. हा आजार बरा करायला दुसऱ्याची बोन मॅरो, म्हणजे हाडातला रक्त बनवणारा मगज, बसवतात; सख्ख्या भावंडाची ती जुळण्याची शक्यता चारात एक. माझी जुळली नाही. रिपोर्ट आला त्या दिवशी तोच मला म्हणाला, "बरं झालं ताई, तुला सुईची भीती वाटते."

म्हणून मागे एकदा आठवीतली एक मुलगी माइकसमोर उभी राहिली, तेव्हा माझा श्वास अडकला होता. तिची मॅरो जुळली होती आणि तिच्या दादाला बसवली होती; मग रक्त मॅरो देणाऱ्याच्याच गटाचं बनू लागतं. म्हणाली, "आता दादाचा आणि माझा रक्तगट एकच झालाय, तरी तो मला सायकल देत नाही." सभागृह हसलं. तिचा दादा पहिल्याच रांगेत होता, लाजून खाली बघत. मला फार आनंद झाला, आणि बंटीची आठवण अनावर झाली.

हे सगळं ज्यांच्यामुळे होतं ते लोक: प्रत्येक मुलाचा रक्तगट तोंडपाठ असणाऱ्या रक्तपेढीच्या ताई, खुर्च्यांचं भाडं न घेणारे मांडववाले काका, बचत गटाच्या पोळ्या लाटणाऱ्या मावश्या, नर्सिंगच्या विद्यार्थिनी, रक्तदात्यांना फुकट आणणारे रिक्षावाले, माइक सांभाळणारा मुलगा, शेवटी कुलूप लावायला थांबणारे शिपाईमामा. आणि हो, सरबत करणारे ते आजी-आजोबा. त्यांचा नातू आता नाही, तरी ते येतात. थॅलेसेमियाचे वाहक ओळखणाऱ्या एचबीए2 रक्ततपासणीचं टेबल सांभाळणारे सर राहिलेच! आईबाबा दोघंही थॅलेसेमिया मायनर, म्हणजे नुसते वाहक, असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर, म्हणजे प्रत्यक्ष आजार, होण्याची शक्यता 25 टक्के, हे ते लग्नाळू मुलामुलींना न कंटाळता समजावतात. माझ्या आईबाबांना हे वेळेवर सांगणारं कोणी भेटलं नाही.

यंदा मनोगत सकाळी 11 वाजता ठेवलंय, रक्तदान चालू असतानाच. सवड काढून या, आणि मुलांचं बोलणं संपेपर्यंत थांबा.