खालची फळी

स्वस्तात स्वयंपाक कसा करावा असं कुणी विचारलं, तर मी पाककृती सांगत नाही. आधी तुमच्या ओट्याखालची सगळ्यात खालची फळी दाखवा म्हणतो. तिथे हात घातला की मागच्या दिवाळीतला मैदा, तळाशी चार दाणे उरलेली साबुदाण्याची पिशवी, रबर लावलेली मोहरी आणि तिच्याच मागे न फोडलेली दुसरी मोहरी, असा ऐवज निघतो. मुंबईत जागा नाही म्हणतात, पण वस्तू हरवायला ती पुरते.

माझं म्हणणं एवढंच, की घरखर्च महागड्या पदार्थांनी वाढतो त्याहून जास्त विसराळूपणाने वाढतो. डब्यात मसूर आहे हे ठाऊक असलं, तर संध्याकाळी मसुराची आमटी होते. ठाऊक नसलं की घरात काहीच नाहीये असं वाटतं, मग बाहेरून मागवलं जातं, आणि मसूर बिचारे भुंग्यांच्या नावे होतात.

हे सगळं मी मावशीकडे बघून शिकलो. ती वरळीच्या बीडीडी चाळीत लग्न होऊन आली, तेव्हापासून तिथेच. खोली १६० चौरस फुटांची. १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी आणि आताचा ना. म. जोशी मार्ग अशा चार ठिकाणी मिळून २०७ चाळी उभ्या केल्या, त्यातली ही एक. त्या एका खोलीत मोरी, ओटा, कपाट, देव, दिवसा घडी होऊन बसलेल्या गाद्या आणि सात माणसं. अशा ठिकाणी नीटनेटकेपणा हा गुण वगैरे नसतो. परात जागेवर गेली नाही तर कुणाचं तरी अंथरूण अडायचं, म्हणून परात जागेवर जायची.

ओट्यावरच्या भिंतीला स्टीलची मांडणी. ताटं उभी, वाट्या पालथ्या, कप कड्यांना टांगलेले आणि सगळ्यात वर मोठ्यापासून छोट्यापर्यंत ओळीने डबे. एकाही डब्यावर चिठ्ठी नाही. पण पूर्वी लग्नात-बारशात भांडं द्यायचं तर नाव घालून द्यायची पद्धत होती. भांड्यांच्या दुकानातच एक जण मशीन घेऊन बसलेला असायचा, कर्रर्र करत ठिपक्याठिपक्यांची अक्षरं उमटवायचा. ‘चि. सौ. कां. हिस मामांकडून सप्रेम भेट’, खाली तारीख. मावशीच्या डब्यांची ओळख ही अशी होती. थोरल्या मामांत तूरडाळ, आत्यात रवा, धाकट्या नणंदेत शेंगदाणे. “अरे, आत्या उतरव जरा, उपमा टाकते,” असं ती मला सांगायची आणि मी स्टुलावर चढून बरोबर आत्या उतरवायचो. पोहे कैलासवासी आजेसासऱ्यांच्या स्मरणार्थ आलेल्या डब्यात असत. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

बाकीची भांडी बोहारणीकडून. दुपारी जिन्यात ती हाक आली की मावशी गाठोडं घेऊन दारात बसायची. बोहारीण प्रत्येक साडी उजेडाकडे धरून बघायची, पॅंटची बैठक बोटांनी चाचपायची. “मावशी, ये फाटेला हाय, आणखी एक टाका.” “अगं, काठ बघ ना, काठ नवा आहे!” अर्धा तास हे चालायचं. तेवढ्यात पातेलं तीनदा गाठोड्याजवळ यायचं आणि तीनदा परत टोपलीत जायचं. शेवटी एक शर्ट वर टाकून मावशी पातेलं मिळवायची आणि वर झाकणही मागून घ्यायची. कपाटातले जुने कपडे असे हलायचे, आणि जुनं देऊन नवं आलं की ते ठेवायचं कुठे हे आधीच ठरलेलं असायचं. हल्ली घर आवरण्याचे व्हिडिओ असतात. त्यात आधी एकसारख्या काचेच्या बरण्या विकत आणायला सांगतात. पसारा कमी करायला खरेदीने सुरुवात करायची, हे मला अजून पचलेलं नाही.

मावशीला दर पैशापर्यंत पाठ असत. १९७२च्या दुष्काळात महागाई भडकली, तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईतल्या बायका थाळ्या-लाटणी वाजवत रस्त्यावर आल्या. मावशी त्यात होती. तेलाचा आणि साखरेचा भाव ती आजही राजकारणाच्या सुरात सांगते. मोर्चातलं लाटणं जपून वगैरे ठेवलेलं नाही. त्यानेच पोळ्या लाटून लाटून ते मधे बारीक झालंय.

माझ्या आईची पद्धत जरा वेगळी, कारण ती मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघात होती. ग्राहक पंचायत १९७५ साली सुरू झाली. शेजारपाजारच्या घरांनी मिळून एक संघ करायचा, कोणाला काय हवं त्याची मागणी आधी कागदावर नोंदवायची, मग महिन्याचा माल एकत्र येणार आणि तो आपापसांत वाटून घ्यायचा. म्हणजे दुकानात उभं राहून समोर दिसेल ते उचलणं नाही. हरभराडाळ एक किलो लागेल की दीड, हे आधी ठरवायचं. त्यासाठी घरात आत्ता किती आहे ते बघायला हवं. आई कागद भरायला बसली की एकेक डबा कानाशी नेऊन हलवायची. झाकण उघडायची नाही. “मूग आहेत. साखर संपत आली. पोह्यांचा काय आवाज येणार, ते उघडून बघ रे.” माल आला की इमारतीच्या खालच्या पॅसेजमध्ये पिशव्यांचे ढीग, याद्या घेतलेल्या बायका आणि मधेमधे लुडबुडणारी आम्ही पोरं. त्यात आमच्या अर्ध्या गल्लीची एकमेकांशी ओळख झाली, तो फायदा वेगळाच.

आता दहा मिनिटांत दारात सामान येतं. सोय आहे, नाकारण्यात अर्थ नाही. ताप असताना मीही लिंबं मागवली आहेत. पण त्या सोयीने एक सवय मोडली. जे हवं तेव्हा मिळतं ते घरात आहे की नाही हे बघायला कुणी उठत नाही. कोथिंबिरीची जुडी एकटी कशी मागवायची म्हणून तिच्याबरोबर चिप्स येतात, आणि फ्रीजमध्ये आदल्या दिवशीची कोथिंबीर काळी पडत असते. भाजीवाल्याकडे पाव किलो भेंडी घेतली की तो मिरच्या-कोथिंबीर वरून टाकतो. तेवढ्यासाठी खाली उतरायला माझी हरकत नसते.

आमच्याकडे रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे. मी घरी लवकर पोचतो. बायको चर्चगेटहून येते, तिला आठ वाजतात. मात्र गवार मोडणं, मेथी निवडणं, मटार सोलणं तिचं गाडीतच होतं. बायकांच्या डब्यात जागा मिळाली की मांडीवर पिशवी पसरून तिघी-चौघी कामाला लागतात, एकीची भाजी संपली की दुसरीच्या पिशवीत हात. बोरिवली येईपर्यंत गवार तयार. ती आली की फोडणी टाकायची तेवढी बाकी.

भाजीच नसेल त्या दिवशी पिठलं. महिनाअखेरीला तर ठरलेलंच. वाटीभर बेसनात चार माणसांचं होतं, आणि कुणाला काटकसर केल्यासारखंही वाटत नाही. पिठात पाणी कालवून ओतायचं, ही एक रीत. मला पेरून केलेलं आवडतं. तेल जरा सढळ, मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण, उभा चिरलेला कांदा. लसणाची कड तांबूस झाली की मिरच्या, हळद आणि मग पाणी. पाण्याला खळखळून उकळी आली पाहिजे. कोमट पाण्यात पीठ गेलं तर गाठी होतात आणि मग त्या चमच्याने फोडत बसावं लागतं. डाव्या हाताने चिमटीतून बेसन भुरभुरवायचं, उजव्या हाताने डाव थांबू द्यायचा नाही. पळीवाढं झालं की थांबायचं, कारण ते गॅसवरून उतरल्यावरही घट्ट होत राहतं. झाकण ठेवून दोन दणदणीत वाफा. कच्च्या पिठाचा वास गेला आणि कडेने तेल दिसायला लागलं की झालं. कढई लोखंडी असेल तर तळाला खरवड धरते. ती कुणी घ्यायची यावर आमच्याकडे दोन्ही मुलं सज्ञान असूनही तंटा होतो.

सोबत भात. कुकरमध्ये तीन भांडी एकावर एक लावली की खाली डाळ, मधे भात, वर बटाटे, तेवढ्याच गॅसवर. कुकरात वाफ कोंडली जाते, दाब वाढतो आणि पाणी शंभर अंशांच्या वर, सुमारे १२० अंशांपर्यंत तापतं. डाळ लवकर शिजते ती म्हणून. तूरडाळ आधी अर्धा तास भिजवली तर आणखी एखादी शिट्टी वाचते. उरलेल्या वरणात दुसऱ्या दिवशी कणकेच्या चकोल्या, उरलेल्या भाताला फोडणी, पोळ्यांचा कुस्करा. दोडक्याच्या शिरा तव्यावर कुरकुरीत परतून तीळ, सुकं खोबरं घालून चटणी. इथवर मी मावशीच्या बाजूने आहे. पण काटकसरीलाही कुठेतरी कुंपण हवं. श्रीखंडाचे रिकामे डबे, दुधाच्या धुऊन वाळवलेल्या पिशव्या, मिठाईच्या खोक्यांचे दोरे... एका मर्यादेनंतर जपलेल्या वस्तू आपल्याला घराबाहेर काढतात. श्रीखंडाच्या डब्यांची झाकणं तर कधीच एकमेकांना बसत नाहीत, हे मी अनुभवाने सांगतो.

पावसाळा आला की या सगळ्याची परीक्षा. मुंबईची दमट हवा पापडाला पापड राहू देत नाही. रव्याला जाळी धरते, तांदळात पोरकिडे होतात. म्हणून मे महिन्यात अगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी. रवा भाजून ठेवायचा, तूरडाळीला एरंडेलाचा हात फिरवायचा, तांदळात कडुलिंबाचा वाळलेला पाला. लालबागच्या डंकावर मिरच्या-धणे कुटून मसाला आणायचा आणि बरणीत दाबून भरायचा. शिवाय सुकी मासळी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, ताजा म्हावरा कमी आणि महाग, म्हणून बोंबील, जवळा, सोडे आधीच घेऊन ठेवायचे. बोंबलाची डोकी काढायची, तुकडे करायचे, गच्चीवर एक ऊन द्यायचं, घट्ट झाकणाच्या डब्यात भरायचं. बाहेर धो धो पाऊस, लोकल बंद, भाजीवाला आलेला नाही, अशा दिवशी मूठभर जवळा, दोन कांदे आणि एक बटाटा एवढ्यावर जेवण होतं. वास शेजाऱ्यांकडे जातो, ही एक अडचण. आमचे शेजारी सज्जन आहेत, ते फक्त खिडकी लावतात.

मावशीच्या चाळीचा पुनर्विकास झाला. वरळीतल्या पहिल्या काही घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाल्या, त्यात तिचं घर आलं. १६० चौरस फुटांतून एकदम ५००. टॉवरमध्ये, लिफ्ट, वेगळं स्वयंपाकघर, ओट्याखाली बाहेर सरकणाऱ्या ट्रॉल्या. मांडणी भिंतीला लावू दिली नाही, टाइल फुटतील म्हणून. सुनेने हौसेने चौकोनी पारदर्शक डबे आणले, त्यावर छापील लेबलं लावली. मैदा, बेसन, रवा, पोहे. सगळं एका रंगात, छान दिसत होतं. मावशीने काही विरोध केला नाही. फक्त महिन्याचं सामान आल्यावर ते ज्या डब्यात मावेल त्या डब्यात तिने भरून टाकलं. लेबल वाचायची तिला सवयच नव्हती, आणि मामा-आत्या माळ्यावर गेलेले.

परवा मी गेलो तेव्हा सून नातवासाठी पॅनकेक करत होती. ‘मैदा’ लिहिलेल्या डब्यातलं पीठ घेतलं, अंडं-साखर घालायच्या आधी पाण्यात कालवलं, तर ते काही केल्या चिकट होईना, आणि तळाशी बसायला लागलं. तिने डबा उजेडाकडे धरला, बोटाला पीठ घेऊन चोळलं.

“आई, हे काय आहे?”

“तांदळाचं पीठ. कालच दळून आणलं,” मावशी आतून म्हणाली. “मीठ घाल आणि बिडाचा तवा ठेव.”

घावन झाले. नातवाने साखर लावून चार खाल्ले, मी ओल्या खोबऱ्याच्या चटणीबरोबर. मैदा कुठे आहे ते विचारल्यावर मावशी म्हणाली, “पोह्यांत.”