तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं ध्यान करून काय मिळालं?

दिवाळीत नणंद विचारते, मे महिन्यात आमच्या खोल्यांवर उतरणारी पुण्याची मंडळी विचारतात, माहेरचे तर फोनवरही विचारतात. "इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिरात दहा दिवस राहून आलात, रोज दोन वेळा तासभर बसता, मग झालं का मन स्थिर?" विचारणाऱ्याने पाचच मिनिटांपूर्वी मला पाण्याच्या पंपावरून कुणावर तरी ओरडताना ऐकलेलं असतं, त्यामुळे प्रश्नातली खोच कळते. मी "चाललंय" म्हणते आणि चहा टाकायला आत जाते. त्या "चाललंय"चा आता मलाच कंटाळा आलाय.

पहाटे चारची घंटा, मौन, दिवसाकाठी दहाएक तास मांडी घालून बसणं, हे तुम्ही सगळ्यांकडून ऐकलेलं आहे. पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा, चौथ्या दिवसापासून अंगावरच्या संवेदना. गुडघ्यात कळ येते, वाढते, जाते. तिच्याशी भांडायचं नाही. २०१७ साली तिथून परतले तेव्हा काहीतरी हाती लागलंय असं खरंच वाटत होतं. पुढची तीन वर्षं मी कमी चिडले. (घरच्यांना विचारू नका.)

मग ३ जून २०२०. निसर्ग वादळ भर दुपारी आमच्याच पट्ट्यात, श्रीवर्धन-दिवेआगरला, किनाऱ्यावर चढलं. आम्ही माजघरात दार लावून बसलो होतो. कौलं उडाल्याचे आवाज मोजता येत होते, नंतर येईनात. संध्याकाळकडे वारा पडला तेव्हा मागचं दार उघडलं. त्या दारातून मी कधी आभाळ बघितलं नव्हतं. वाडीची सावली इतकी दाट की पावसाळ्याबाहेरही कपडे वाळायचे नाहीत. त्या दिवशी पार समुद्रापर्यंतचं आभाळ दिसत होतं. केरसुणीचा बंध सुटावा तशा पोफळी एकमेकींवर पडल्या होत्या. माडांच्या झावळ्या विहिरीत, मिरीचे वेल चिखलात.

सासूबाई अनवाणी वाडीत उतरल्या. तेव्हा अठ्ठ्याहत्तरच्या होत्या. पडलेल्या प्रत्येक खोडाला हात लावून मोजत होत्या. तिशीच्या पुढे गेल्या की हिशेब चुकायचा, मग पुन्हा पहिलीपासून. विहिरीजवळची पोफळ माझ्या नवऱ्याच्या वयाची, तो झाला त्या वर्षी त्यांनी लावलेली. ती पुरुषभर उंचीवर मोडली होती आणि आतले ओले तंतू बाहेर आले होते. आई ते तंतू अंगठ्याने परत आत दाबत होत्या, फाटक्या उशीतून आलेला कापूस आत सारावा तसे.

मी शेजारी जाऊन म्हटलं, "आई, सगळं अनित्य आहे. आलं तसं जायचंच."

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "ते मला कळतं गो. तू जरा इथे उभी राहा."

साडेसहा होत आले होते. माझी बसायची वेळ. मी कोठीच्या खोलीत गेले, दार लोटलं आणि तासभर अजिबात न हलता बसले. इतकं निश्चल बसणं मला आधीही जमलं नव्हतं आणि नंतरही नाही. बाहेर आले तर दिवे गेलेले, आई मागच्या पायरीवर, पाय चिखलाने भरलेले. मी पाणी आणून दिलं. त्यांनी पाय धुतले. बस्स.

हे मी कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं की लोक लगेच माझी बाजू घेतात. तशी बाजू आहेही. दुसऱ्या दिवशी ताडपत्री मीच मिळवली, पंचनाम्यासाठी झाडं मीच लिहून काढली, वीज येईपर्यंतचे कित्येक दिवस विहिरीतला कचरा काढून रहाटाने पाणी ओढलं. घरात कुणाचं तरी डोकं ठिकाणावर हवंच होतं. २०२०ची मी अजून हेच सांगते. तिला माझं उत्तर असं की ताडपत्री मिळवायला ध्यान लागत नाही, बाई. तुझी आईसुद्धा मिळवायची.

मनाच्या समतोलाला पालीत उपेक्खा म्हणतात. मराठीत उपेक्षा म्हणजे काय ते सांगायला नको. मी पालीतला शब्द शिकून आले आणि घरात मराठीतल्यासारखी वागले. गंमत म्हणजे जुन्या बौद्ध आचार्यांनी हे आधीच लिहून ठेवलंय: समतेचा जवळचा शत्रू म्हणजे अजाणतेपणातून आलेली बेफिकिरी, दिसायला अगदी तिच्यासारखीच. हे मला वादळानंतर वाचायला मिळालं. आधी वाचलं असतं तरी ते दुसऱ्या कुणाबद्दल आहे असंच वाटलं असतं.

आमच्याकडे चकवा लागतो म्हणतात. माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे स्वतःच्याच गडग्याशी येऊन पोचतो. लहानपणी मी विचारायचे, त्याला कळत कसं नाही? आता कळतं. चकवा लागलेल्याला वाट सरळच दिसत असते. संसार माया, पैसा माया, वाडी माया, हे मी पटापट ओळखलं. पण "मी किती शांत आहे" हे कोठीच्या खोलीत बसलेलं मन मात्र मला खरं वाटलं.

म्हणजे बसणं खोटं का? इथे मी अडकते. त्या तासाभरात कोसळून न जाण्याचा तेवढाच मार्ग माझ्याकडे असेल, असंही कधी वाटतं. कदाचित मी आईंपासून नाही, स्वतःच्या रडण्यापासून पळाले. दोन्ही असेल. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो, स्थितप्रज्ञ बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा? अगदी तुमचाच प्रश्न. त्या संध्याकाळी माझं बसणं कुणीही वाखाणलं असतं. उभं राहायचं होतं, ते राहून गेलं.

आई दोन वर्षांनी गेल्या. त्या वाक्याबद्दल आम्ही कधीच बोललो नाही. एकदा तरी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. त्यांनी माझी बसायची वेळ उलट सांभाळली. कुणी आलं तर "ती बसली आहे, थांबा" म्हणून ओटीवरच अडवायच्या.

मी अजून बसते. जागा बदलली, कोठीची खोली सोडून मागच्या पडवीत. अधूनमधून डोळे उघडतात, नियमात बसत नाही ते. २०२१मध्ये लावलेल्या पोफळी समोर दिसतात. सुपारी धरायला पाच-सहा वर्षं तरी लागतात, आणि विहिरीजवळचीला तर अजून आधाराची काठी आहे. परवा वाऱ्याने ती काठी कलली, तेव्हा वीस मिनिटंच झाली होती. उठले, काठी सरळ केली, पुन्हा बसले नाही.