आमची वाटचाल : बेतीची शेड आणि जोड इंजिनं

१९८६ च्या जुलैत गोव्यात मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा मी शाळकरी पोर होतो. नवा पूल उभा राहीपर्यंत बेतीहून पणजीला जायचं तर फेरीबोटच. त्या गर्दीत मी इंजिनाच्या जाळीपाशी जागा पकडायचो. दहावीनंतर आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा ट्रेड घेतला, मग मालीमच्या धक्क्यावर एका मिस्त्रींच्या हाताखाली नऊ वर्षं ट्रॉलरची कामं केली. पुढे घरामागच्या माडांत शेड घातली. पत्नीने बिलांची वही हातात घेतली, ती आजही तिच्याचकडे आहे.

ट्रॉलरला एकच इंजिन. पर्यटकांच्या मोठ्या बोटी वाढल्या तशी दोन इंजिनांची कामं येऊ लागली. त्यातल्या अगदी सुरुवातीच्या एका कामाने आमची पद्धत ठरवली, म्हणून ते सविस्तर सांगतो.

बोटीचं उजवं इंजिन धक्क्याला बांधलेलं असताना सुरेख चालायचं. मांडवीच्या मुखाशी आग्वादला वळसा घालून दोन्ही लिव्हर पुढे ढकलले की वीसेक मिनिटांत त्याचा दम जायचा. आरपीएम चोवीसशेवरून सोळाशेवर यायचे. लिव्हर मागे घेतला की थोड्या वेळाने पुन्हा ठीक. फिल्टर नवे घातले होते, डिझेलच्या नळ्यांतली एअर दोनदा काढली होती. मग मी डिझेलच्या पंपालाच दोष दिला. पंप उतरवला, कॅलिब्रेशनला पाठवला, चौथ्या दिवशी बसवला. आग्वादला तीच तक्रार. बोटीवर माणसं बसलेली असताना एका बाजूचं इंजिन गेलं तर काय होईल, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही.

बोटीचे तांडेल सत्तरीला आलेले. ते म्हणाले, "अरे, उजव्याला डाव्याची लाईन लावून बघ की."

टाकीकडून येणारे दोन्ही होज, म्हणजे डिझेलच्या रबरी नळ्या, फिल्टरपाशी अदलाबदल केले आणि बाहेर काढली बोट. या वेळी डावं इंजिन बसलं! म्हणजे उजव्याचं इंजिन, पंप, फिल्टर सगळं निर्दोष. तो होज उभा चिरला. बाहेरून एक भेग नव्हती, पण आतला रबराचा थर सुटून जिभेसारखा लोंबत होता. इंजिन हळू चालताना डिझेल त्याच्याखालून निघून जायचं. ओढ वाढली की जीभ चिकटून वाट बंद. पंपाची मजुरी मी मालकांना परत केली.

तेव्हापासून आमच्याकडे लाईन बदलून बघितल्याशिवाय पंपाला पाना लागत नाही. दोन्ही इंजिनं एकदम बसत असतील तर जे दोघांचं सामाईक आहे तिकडे आधी बघायचं: टाकी, तिची हवानळी, भरलेलं डिझेल. एकच बसत असेल तर दुसरं इंजिन हेच सगळ्यात चांगलं तपासयंत्र. लाईन बदलणं जमत नसेल तर स्वच्छ डिझेलचा कॅन डेकवर ठेवून त्यावर इंजिन चालवतो, रिटर्नची, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणारी नळीही त्याच कॅनमध्ये सोडतो. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा आणि ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज जोडतो. काटा चढत गेला तर वाट कुठेतरी तुंबली आहे. काटा शांत आणि नळीत बुडबुडे, तर सैल क्लिप किंवा खराब वॉशर हवा ओढतोय. पंपापर्यंतच्या भागात फट असली की बहुधा डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून ओला डाग शोधत बसणाऱ्याला ती सापडत नाही.

रिटर्नचंही लक्षात ठेवावं लागतं. इंजिन ओढलेल्या डिझेलपैकी बरंच टाकीला परत पाठवतं. दोन टाक्यांच्या बोटीत रिटर्नचा व्हॉल्व्ह चुकीच्या बाजूला राहिला तर एक टाकी रिकामी होते, दुसरी हवानळीतून वाहू लागते आणि बोट कलते.

आमचं खरं काम मात्र पावसाळ्यातलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, पर्यटकांच्या बोटीही बांधलेल्या. पैसे अडकू नयेत म्हणून मालक टाकी अर्धी ठेवतात. मला ते पटत नाही. रिकाम्या भागात दमट हवेचं पाणी सुटतं, तळाला बसतं, आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर जंतू वाढून काळा, लिबलिबीत गाळ होतो. लाटांवर तो ढवळला की फिल्टर तासाभरात बंद. एका बोटीच्या हवानळीच्या तोंडात तर कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. टाकीचं झाकण सैल करताच सूं करून हवा आत गेली आणि बसत चाललेलं इंजिन तिथल्या तिथे सावरलं. आता बोट बांधतानाच हवानळीच्या तोंडावर बारीक जाळी बसवतो.

पावसाळ्यानंतरच्या पहिल्या फेरीला मी स्वतः बोटीवर असतो. आग्वादच्या पुढे, दोन्ही इंजिनं पूर्ण लोडवर, अर्धा तास. त्या अर्ध्या तासाचे पैसे आमच्या वहीत लागत नाहीत.