तुम्ही विचारलंत म्हणून: भिंतीवरचे तीन फोटो

घरी पहिल्यांदा आलेलं माणूस चहा होईपर्यंत भिंतीकडे बघत बसतं. तिथे हार घातलेले तीन फोटो आहेत. माझे पहिले पती, माझी लेक आणि ह्यांची पहिली बायको. मग हळूच प्रश्न येतो, "रोज हे डोळ्यांसमोर असतं, तुम्हाला एकमेकांचं काही वाटत नाही?"

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालं होतं. आई आजारी म्हणून मी औशाला माहेरी होते. चार वर्षांची लेक माझ्यासोबत येईना, तिला मिरवणूक बघायची होती. मीच म्हटलं, राहू दे आजीपाशी.

किल्लारीच्या आसपास घरं माळवदाची. दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया आणि वर मातीचा थर. उन्हाळ्यात गार वाटायचं. त्याच मातीखाली आमच्या भागातली दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. सासूबाईंना दुपारी बाहेर काढलं, त्या जगल्या. बाप-लेक गेले.

सासूबाईंना बघायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी त्यांच्यासोबत पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. हे शेजारच्या शेडात. त्या रात्री शेतातल्या आखाड्यावर झोपले होते म्हणून वाचले. बायको आणि दोन्ही मुलं घरात होती.

एकदा ते सासूबाईंना विचारायला आले, "काकू, तुमच्याकडं कुणाचा फोटो राहिलाय का?" त्यांच्याकडे एकही नव्हता. माझे माहेरी होते, ते मी दाखवले. लेकीचा फोटो हातात घेऊन त्यांनी विचारलं, "काय आवडायचं हिला?"

तोवर जो येई तो विसर म्हणायचा. देवाची मर्जी म्हणायचा. असं कुणी विचारलंच नव्हतं. मी सांगितलं, भाकरीवर शेंगदाण्याची चटणी, वर तेल, आणि तेल कमी पडलं की रुसायची. मग जे कुणालाच सांगितलं नव्हतं, तेही बोलून गेले. राहू दे आजीपाशी, हे मीच म्हटलं होतं. त्यांनी माझी समजूत काढली नाही. बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "धाकटा आखाड्यावर येतो म्हणून रडत होता. मीच म्हणलं, डास लय हायत, येऊ नको."

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या संध्याकाळीच मिळालं होतं.

तेव्हा आमच्या भागात लग्नं पुष्कळ झाली. बायको गेलेल्या बाप्यांची वर्षाच्या आत, विधवांची मात्र मोजकीच. मला ते तेव्हाही खुपायचं, आजही खुपतं. आमचा विषय सासूबाईंनीच काढला. लोक बोलले, सुनेला दुसऱ्याच्या घरी देऊन सासूही मागोमाग गेली म्हणाले. नव्या गावठाणात ह्यांना चारशे चौरस फुटांचं घर मिळालं होतं, त्यात आम्ही तिघं राहायला गेलो. पुढे अकरा वर्षांनी त्या वारल्या, तेव्हा अग्नी ह्यांनीच दिला.

ह्यांच्या बायकोचा फोटो शेवटी तिच्या माहेरी सापडला, एका लग्नातला, पंधरा-वीस बायकांच्या घोळक्यातला. तो मोठा करायला आम्ही दोघं लातूरला गेलो. स्टुडिओवाल्याने विचारलं, यातल्या कोणत्या? ह्यांना बोलता येईना. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण ह्यांच्याकडून इतकं ऐकलं होतं की हनुवटीवरच्या गोंदणावरून ओळखलं आणि बोट ठेवलं.

अजूनही चारच्या आधी जाग येते, कधी मला, कधी ह्यांना. मग जो जागा असेल तो चहा ठेवतो आणि दुसऱ्याला उठवतो. कधी माझ्या लेकीचं बोलणं निघतं, कधी धाकट्याच्या डासांचं.

मुलांचे फोटो मात्र कुठेच मिळाले नाहीत. तीन फोटोंच्या खाली ह्यांनी दोन खिळे ठोकून ठेवलेत. ३० सप्टेंबरला मी हार पाच आणते.