बॅरिटोन युकुलेले: जी तारेचा गुंता सुटला, आणि लगेच नवं खूळ

मंडळी, माझ्या बॅरिटोनची (युकुलेलेचा मोठा, चार तारांचा भाऊ) जी (G) तार अखेर सुरात आली. तीही तिसऱ्या फ्रेटवर (मानेवरची धातूची आडवी पट्टी) कापो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून!

दुखणं तुम्हाला माहीत आहेच. वहिनी गातात काळी पाचमध्ये, म्हणजे बी फ्लॅटमध्ये. मी कापो तिसऱ्यावर लावून जी-सी-डी कॉर्डचे आकार धरतो, हिशेब सरळ बसतो. पण सेटबरोबर आलेली वाउंड (वर बारीक धातूची तार गुंडाळलेली) जी बोट सरकलं की किर्र करते, आणि संथ भावगीतात ती किर्र शब्दांच्याही वर ऐकू येते. शिवाय आमच्या गिरगावात खिडकी उघडली की खारा वारा. चांदीचा मुलामा दिलेलं तांबं बघता बघता काळं पडतं आणि फ्रेटच्या जागी गुंडाळी झिजून आतले नायलॉनचे धागे दिसायला लागतात. डीला वाउंड चालवून घेऊ, तिच्यावर बोट फारसं घसरत नाही. जी मात्र साधीच हवी होती.

साधी जी मिळवायचा स्वस्त मार्ग म्हणजे क्लासिकल गिटारच्या तारा. बॅरिटोनच्या तारांचे सूर डीजीबीई (D-G-B-E), म्हणजे गिटारच्याच वरच्या चार. धोबी तलावला फुर्टाडोज या वाद्यांच्या दुकानात गिटारचा नायलॉन सेट कधीही मिळतो. बॅरिटोनचा असेलच याचा भरवसा नाही. गिटारची मोजपट्टी (तारेची वाजणारी लांबी) 650 मिमी, माझ्या बॅरिटोनची 508. ताण लांबीच्या वर्गावर जातो, म्हणजे तीच तार त्याच सुरात इथे साधारण 61 टक्के ताणावर बसते. बी आणि ई छान लागल्या. जी? 1.02 मिमी जाड, मऊ, ढब्ब आवाजाची. उघडी वाजवली तर सुरात, कापो दाबला की ट्यूनरचा काटा 17 सेंट वर (100 सेंट म्हणजे एक फ्रेट). जाड आणि सैल तार कापोखाली दबली की चढणारच. खुंटी पिळून उतरवावी, तर कापो काढल्यावर बेसूर. त्यात नायलॉन पाणी शोषतं. पावसाळ्यात एसीच्या खोलीतून गॅलरीत आलं की पुन्हा सगळं लावा.

म्हणून फ्लोरोकार्बन, म्हणजे मासेमारीच्या दोरीचं जड प्लास्टिक. त्याची घनता 1.78, नायलॉनची 1.14. तेवढ्याच वजनासाठी तार बरीच बारीक चालते, आणि दमट हवेचं तिला सोयरसुतक नाही. मासेमारीच्या लीडरचं 0.91 मिमीचं रीळ आणलं. जी सुरात ताण येतो पावणेपाच किलोच्या आसपास, म्हणजे इथेच लावलेल्या गिटारच्या जीपेक्षा जास्त, तरी तार बारीक. (एका ऑनलाइन विक्रेत्याने बॅरिटोन म्हणून जीसीईएचा सेट पाठवला होता, तो तसाच पडून आहे. पाकिटावर बॅरिटोन लिहिलंय म्हणून डीजीबीई असेलच असं धरू नका, आतला सूर वाचा.)

तार चढवली आणि नटने (मानेच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली हाडाची पट्टी) दगा दिला. खाच वाउंड जीच्या मापाची, त्यामुळे 0.91 आत न बसता काठावर अडकून उभी. तार उंच, म्हणून पहिल्या फ्रेटवर सगळे आकार चढे. नटच्या खऱ्या कानशींचा सेट बॅरिटोनच्या निम्म्या किमतीला पडतो. नागदेवी स्ट्रीटवर गॅस वेल्डिंगच्या टिप क्लीनरचं पाकीट घ्या. वेगवेगळ्या जाडीच्या खरखरीत सळ्या असतात, नटच्या हाडाला झकास चालतात. सळी वाद्याच्या डोक्याच्या (खुंट्यांच्या) बाजूला किंचित उतरती धरायची, चार हात मारायचे, तार लावून बघायची. तिसऱ्या फ्रेटवर दाबल्यावर पहिल्या फ्रेटवर कागदाएवढी फट उरली की थांबा. त्याच्या खाली गेलात की उघडी तार झणझणते.

आता कापोसकट फक्त 4 सेंट चढी. एवढं गाणाऱ्याच्या कानाला खुपत नाही. त्या संध्याकाळी वहिनींनी पूर्ण अंतरा न थांबता म्हटला, आणि साथीबद्दल काहीच बोलल्या नाहीत. आमच्या घरात ही पसंतीची पावती.

हे लिहितानाच डोक्यात आलं: कापो हवाच कशाला? कायम काळी पाचच वाजवायची, तर वाद्यच तीन फ्रेट वर लावावं. एफ, बी फ्लॅट, डी, जी. कागदावर मांडलं तर मजाच झाली. सध्या बीला 0.74 आहे आणि ईला 0.62. नव्या लागणीत 0.74 तिसरी होते (पहिली म्हणजे सगळ्यात बारीक), ताण साडेचार किलोच्या जरा खाली, 0.62 दुसरी होते. सगळ्या तारा एकेक घर सरकतात आणि ती जाडी 0.91 थेट बाद! चौथ्या जागी टेनरची (बॅरिटोनहून लहान युकुलेले) लो-जी, म्हणजे खालच्या जीची, वाउंड तार: 17 इंचावरून 20 इंचावर नेली आणि जीवरून एफवर उतरवली, तर ताण जेमतेम दहा टक्के वाढतो. टेनरच्या तारा दुकानात सहज मिळतात, हेही आलंच.

खालचा घुमारा थोडा जाईल, ते मला खटकतं. बॅरिटोन घ्यायचा तो त्यासाठीच. आणि कालच रुंद केलेल्या खाचेत 0.74 इकडेतिकडे सरकेल, त्यामुळे हाडाचा दुसरा नट कापून ठेवतोय. जुना जपून ठेवणार, परतायची वेळ आली तर.

आता पहिल्या तारेला 0.52 लागेल. त्यासाठी अख्खं रीळ घ्यायची इच्छा नाही. मुंबईत कोणाकडे उरलं असेल तर दोन मीटर द्या, बदल्यात 0.91 हवं तेवढं न्या.